वरचे दूध

मी एकतीस वर्षे लशींच्या सरकारी भांडारात नोकरी केली. जबलपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांना लागणाऱ्या लशी आमच्याकडे येत, थंड खोलीत राहत आणि बर्फाच्या पेट्यांतून पुढे रवाना होत. त्या थंड ठेवणे एवढेच माझे काम होते. राज्याचे विभाजन झाले तेव्हा काही सहकारी आणि दोन मोठी शीतकपाटे नव्या राज्यात गेली. मी येथेच राहिलो. मी डॉक्टर नव्हे. लस शरीरात गेल्यावर काय करते हे मी इतरांकडून ऐकले होते. बाटलीत असताना तिचे काय होते, हे मात्र मला कोणाला विचारावे लागत नसे.

काविळीच्या लशीचा स्वभाव इतर लशींहून निराळा. उष्णता ती काही काळ सोसते, पण एकदा गोठली की संपली. गोठून वितळलेली बाटली वरून ओळखू येत नाही. ती हलवून टेबलावर ठेवावयाची आणि पाहत बसावयाचे. चांगल्या लशीचा गढूळपणा सावकाश खाली बसतो, वाया गेलेल्या लशीचा साका चटकन बसतो. आम्ही हे रोज करीत असू. नियमात जेवढे लिहिलेले असे त्याहून थोडे अधिक करावयाचे, ही माझी सवय होती, आणि तिचा मला अभिमान होता.

मुलाचे लग्न झाले त्याच्या दोन वर्षे आधी माझी पत्नी वारली होती. जबलपूरच्या अधारताल वस्तीतल्या घरात आम्ही दोघे पुरुषच उरलो होतो. सून गोंदियाजवळच्या एका गावातली. घरात आली तेव्हा ती माझ्यासमोर फारशी बोलत नसे. मीही तिच्याशी कामापुरते बोलत असे. तिला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात रक्ताच्या तपासणीत तिला ब प्रकारची कावीळ असल्याचे निघाले. तिला कधी काही त्रास झालेला नव्हता. तिच्या आईला असावी, तिच्याकडून हिला आली असावी, असे डॉक्टर म्हणाले. हा आजार असाच उतरतो, आईकडून मुलाला, जन्माच्या वेळी, रक्तातून. मात्र जन्मल्याबरोबर काही तासांत मुलाला लस आणि तिच्या जोडीला दुसरे एक तयार प्रतिकाराचे इंजेक्शन दिले, तर बहुतेक मुले वाचतात.

मुलगा मला म्हणाला, “बाबा, ही तुमच्याच खात्याची गोष्ट आहे. तुम्हीच पाहा.”

मी पाहिले. पहिले बाळंतपण माहेरी होते. मी ते जबलपूरला होईल असे सांगितले. विहीणबाईंनी फोनवर बरेच समजावून पाहिले, लोक काय म्हणतील असेही त्यांनी विचारले. लोकांजवळ लस नसते, असे मी उत्तर दिले. शेवटी विहीणबाई स्वतःच छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने दिवसभर प्रवास करून येथे आल्या. बरोबर दोन डबे होते, एक डिंकाच्या लाडवांचा आणि एक अळिवाच्या लाडवांचा. अळीव बाळंतिणीला देतात तो अंगावर दूध यावे म्हणून.

मुलगी झाली. जानेवारीतील सकाळ होती. रुग्णालयात लस असतेच, तरीही मी आमच्या भांडारातून स्वतः निवडलेली बाटली बर्फाच्या पेटीत घालून नेली. परिचारिकेसमोर ती हलवून पाहिली. ती हसून म्हणाली, “बाबूजी, हमारे यहाँ भी फ्रिज है।” एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत ते दुसरे इंजेक्शन, दोन्ही जन्मापासून चार तासांच्या आत दिली गेली.

त्यानंतर बालरोगतज्ज्ञ मला बाहेरच्या व्हरांड्यात भेटले. आमची जुनी ओळख होती. दोन्ही इंजेक्शने झाली आहेत, आता आईचे दूध सुरू करा, त्याला काही हरकत नाही, असे त्यांनी मला स्वच्छ सांगितले. विषाणू दुधात अजिबात नसतो काय, असे मी विचारले. थोडाबहुत सापडू शकतो, पण इंजेक्शनानंतर त्याने धोका वाढत नाही, असे ते म्हणाले. मी होकार दिला. त्यांच्या बोलण्यातला ‘थोडाबहुत’ एवढाच शब्द मी घरी घेऊन आलो.

आमच्या घरची वडीलधारी बाई नव्हती, आणि विहीणबाईंशी असा विषय काढणे मला जमणारे नव्हते. सुनेला दुधाविषयी काही सांगणे सासऱ्याला शक्य नव्हते. निदान आमच्या घरात नव्हते. म्हणून भांडारात लावीत असू तसा एक कागद मी तयार केला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवला. वर लिहिले, ‘डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सूचना’. खाली सात सूचना होत्या. पुढच्या लशींच्या तारखा, नखे कापताना रक्त येऊ न देणे, आईची कात्री आणि बाळाची कात्री वेगळी ठेवणे, अशा. चौथी सूचना होती: ‘बाळास वरचे दूध द्यावे.’

सातांपैकी सहा डॉक्टरांच्या होत्या. चौथी माझी होती.

विहीणबाईंना वाचता येत नसे. मुलाने त्यांना कागद वाचून दाखविला. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दाराशीच थांबून मला, व्याह्याला, म्हणाल्या, “इवाई, मायचं दूध कुठं जहर असते का?” मी म्हणालो की डॉक्टरांचे तसे सांगणे आहे. डॉक्टरांचे नाव घेतल्यावर त्या परत आत गेल्या. सुनेला तिसऱ्या दिवशी ताप भरला. दूध गोठले आहे, छाती दगडासारखी झाली आहे, असे विहीणबाईंनी मुलाला सांगितले आणि मुलाने मान खाली घालून मला सांगितले. दूध आटण्याची गोळी मागवून घेण्यास मी सांगितले. दहा दिवसांनी ताप गेला. अळिवाचे लाडू उरले होते. ते मी आणि मुलाने चहाबरोबर संपविले.

पुढे लशीसाठी बाळाला नेले तेव्हा डॉक्टरांनी आईच्या दुधाविषयी विचारले. येत नाही, असे मी सांगितले. सून जवळच बाकावर बसली होती, पण तिला ऐकू गेले नसावे.

बाकीच्या सगळ्या मात्रा वेळेवर झाल्या. एका दिवसाचाही फरक मी पडू दिला नाही. नामकरणाला घरी बुद्धवंदना झाली, आमच्या वस्तीतले लोक जेवले. मुलगी अंगाने चांगली होती. ठरल्याप्रमाणे ती वर्षाची झाल्यावर रक्त तपासले. अहवाल आणण्यास मी एकटा गेलो. तो रुग्णालयाच्या पायऱ्यांवर वाचला. विषाणू होता.

मला प्रथम आठवली ती बर्फाची पेटी. बर्फाच्या थैल्या फ्रीझरमधून काढल्याबरोबर पेटीत घालावयाच्या नसतात. त्या बाहेर ठेवून आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर लस त्यांना टेकून गोठते. हे मी शेकडो माणसांना शिकविले होते. त्या सकाळी मी थांबलो होतो की नाही, हे मला आठवेना. फोन आला होता, मी घाईत होतो. बाटली हलवून पाहिली हे खरे, पण शेजारी तुलनेला दुसरी बाटली ठेवून अर्धा तास पाहत बसावे लागते, तेवढे मी बसलो नव्हतो. तोवर मी निवृत्त झालो होतो, तरी भांडारात गेलो. माझ्या जागी आलेल्या माणसाने मला त्या आठवड्याचे तापमानाचे तक्ते काढून दिले. तक्ते निर्दोष होते. पेटीचा तक्ता नसतो.

विषाणू असल्याचे मी घरी सांगितले होते. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मुलगा ओसरीवर असताना सून बाहेर आली. तिने मुलगी खाली ठेवली आणि आमच्यासमोर उभी राहिली.

“बाबाजी, माझ्याच्यानं चूक झाली,” ती म्हणाली.

मुलाने विचारले, कसली.

“बाराव्या दिवशी. बाबाजी मूर्ती पाहाले भेडाघाटले गेले होते. तुमी ड्यूटीवर होते. आई इथल्याच गोरखपूरच्या बाजारात झबली आणाले गेली. ही बाटली तोंडात घेईचना, रडूनच राहिली होती. मी पाजलं. एकदाच. त्याच्यानंच झालं हे.”

ती रडली नाही. मुलगा उठला आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

मला तो दिवस आठवला. विहारासाठी संगमरवराची लहान मूर्ती सांगितली होती. ती कोरून झाली काय, हे पाहण्यास मी गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा घरात सर्व काही शांत होते आणि सूचनांचे पालन होत आहे असे मी समजलो होतो.

माझ्याजवळ त्या वेळी बोलण्यासारखे एकच वाक्य होते. दुधाला डॉक्टरांची मनाई नव्हती, हे ते वाक्य. ते मी बोललो नाही. मी म्हणालो, “झाले ते झाले.” या तीन शब्दांत मी तिचा गुन्हा मान्य केला आणि वर तो माफही केला. आणखी एक गोष्ट येथे लिहिणे भाग आहे. तिचे बोलणे ऐकताना मला हायसे वाटले. बर्फाच्या पेटीचा विचार त्या दिवसापुरता माझ्या डोक्यातून गेला.

अहवाल घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो पाहून आणखी एक तपासणी सांगितली. तिचा निकाल त्यांना चमत्कारिक वाटला. मुलीच्या रक्तात विषाणू होता आणि त्याच्याविरुद्ध लशीने तयार केलेला प्रतिकारही भरपूर होता. एरवी दोन्ही एकत्र आढळत नाहीत. म्हणजे लस चांगली होती. गोठलेली नव्हती. माझी बाटली, माझी पेटी, माझे हात निर्दोष ठरले. विषाणूच बदललेला असावा अशी डॉक्टरांना शंका आली. त्यांनी आईचे आणि मुलीचे रक्त दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेकडे पाठविले. तेथे असल्या विषाणूंचा अभ्यास होत असे. उत्तर यायला वेळ लागेल, असे ते म्हणाले.

आठ महिने लागले. पेटीची भीती गेल्यानंतर गप्प राहण्यास मला कोणतेही कारण उरले नव्हते. उरली होती ती केवळ लाज.

त्या आठ महिन्यांत सुनेने मुलीला अंगापासून दूर करण्यास सुरुवात केली. तिने स्वतःचे ताट, पेला, टॉवेल वेगळा केला. तसे करण्याची गरज नाही असे मी तिला सांगितले, पण त्या घरात गरज कोणती आणि खबरदारी कोणती हे ठरविण्याचा अधिकार मी एका कागदाने गमावला होता. ती मुलीला भरवीत असे ती लांब दांड्याच्या चमच्याने. मुलगी गालाला तोंड लावायला गेली की ती मान बाजूला घेई. मुलगी चालू लागली ती आईकडे जाई, आणि आई तिला उचलून माझ्या मांडीवर आणून बसवी. मुलीला माझा लळा लागला. त्या लळ्यावर माझा हक्क नव्हता. तो दुसरीचा होता आणि माझ्यामुळे तिला मिळाला नव्हता.

विहीणबाई फोनवर तिला रागावत. मी सांगितलं होतं का चोरून पाज म्हणून, असे त्या विचारीत. मागे दाराशी उभे राहून मला जाब विचारणारी तीच बाई होती. मुलगा वाईट नव्हता, पण तो तिच्याशी फारसा बोलेनासा झाला. दुसऱ्या मुलाचा विषय एकदा निघाला तेव्हा तिने नकार दिला. एकीचं मी असं केलं, दुसऱ्याचं काहून करू, असे ती म्हणाली. मी ते बाहेरच्या खोलीतून ऐकले. वर्तमानपत्र माझ्या हातात होते आणि मी ते वाचीत राहिलो.

नंतर प्रयोगशाळेचे उत्तर आले. डॉक्टरांनी मला बोलावून घेतले आणि मला कळेल अशा शब्दांत समजावून सांगितले. लस म्हणजे शरीराला आधीच दिलेले शत्रूचे वर्णन. विषाणूच्या वरच्या आवरणाचे ते वर्णन असते. शरीर ते पाठ करते आणि तसा कोणी आत आला की त्याला धरते. सुनेच्या रक्तात नेहमीच्या विषाणूंबरोबर काही वेगळेही होते. त्यांच्या आवरणावर नेमक्या ओळखीच्या जागी एक लहानसा फरक पडला होता. जन्माच्या वेळी दोन्ही प्रकारचे मुलीच्या रक्तात गेले. नेहमीचे होते ते दोन्ही इंजेक्शनांनी अडविले. वेगळे होते ते पहाऱ्यासमोरून निघून गेले, कारण पहारा दुसऱ्याच चेहऱ्याचा होता. असे क्वचित होते. कोणतीही बाटली, कोणताही चमचा, कोणतेही दूध मध्ये येण्याआधीच ते झालेले होते.

यकृतावर अजून काही परिणाम नाही, दर सहा महिन्यांनी तपासत राहावे लागेल, जन्मभर, असेही त्यांनी सांगितले. आजपर्यंत आम्ही ते करीत आलो आहोत.

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, “इसमें किसी की ग़लती नहीं है, बाबूजी। बहू को ज़रूर बता दीजिए। माँएँ अपने ऊपर ले लेती हैं।” मग कागद आवरता आवरता त्यांनी सहज विचारले, “दूध तो उसको आया ही नहीं था न?”

मी अहवालाची घडी करून खिशात घातली आणि बाहेर आलो.

ऑटोत बसून घरी येताना मी विचार केला की मुलाला सांगावे आणि त्याने तिला सांगावे. घरातली रीत तीच होती. पण तसे केले असते तर तिला विषाणूची हकीकत कळली असती, कागदाची कळली नसती. चोरून पाजल्याने बिघडले नाही एवढेच तिला समजले असते. चोरून का पाजावे लागले, हे समजले नसते.

दुपारचे दोन वाजले होते. मुलगी आत झोपली होती. सून मागच्या अंगणात सुपात तांदूळ निवडीत होती. मी अंगणात गेलो. मी तेथे सहसा जात नसे. ती उठू लागली. मी तिला बसून राहण्यास सांगितले आणि स्वतः उभा राहिलो. प्रथम मी प्रयोगशाळेची हकीकत सांगितली, डॉक्टरांनी सांगितली तशी, क्रमाने. ती ऐकत होती आणि खडे वेचीत होती.

“म्हणजे दुधानं नाही झालं?” तिने विचारले.

“नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. आणि दुधाला डॉक्टरांनी मनाई केलीच नव्हती. जन्मली त्याच दिवशी, पाजा, असे त्यांनी मला सांगितले होते.”

तिचा हात थांबला. “मंग कागदावर?”

“ते मी लिहिले.”

“काहून?”

“जास्तीची खबरदारी म्हणून.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. इतका वेळ तिने माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. ती रागावेल, ओरडेल, मुलाला फोन करील, या सर्वांची तयारी मी केली होती. तिने सूप बाजूला ठेवले.

“मी कबूल केलं तवा तुमी होते तिथं,” ती म्हणाली.

“होतो.”

“काही बोलले नाही.”

“नाही.”

शेजारच्या घरात कोणीतरी पंप सुरू केला, टाकीत पाणी पडू लागले. मग ती बोलली ते माझ्याशी की स्वतःशी, हे मला आजही सांगता येणार नाही.

“मी तो दिवस आठवतच नोहोती, बाबाजी. आठवला का चटका बसे, म्हणून दुसरीकडं ध्यान लावू. पाप वाटे. अन् पाजल्याचं तेवढंच होतं माझ्याजवळ.”

क्षमा हा शब्द मला येतो, पण तो त्या जागी ठेवण्यासारखा नव्हता.

मग ती तो दिवस सांगू लागली. मुलीला आधी समजलेच नाही काय करायचे ते, बाटलीची सवय झाली होती. मग एकाएकी समजले. डोळे उघडे ठेवून पीत होती. एका हाताने तिने आईचे मंगळसूत्र धरले होते आणि ते सोडीत नव्हती. ठणका होता तो उतरला. दहा मिनिटे असेल, फार तर पंधरा. मध्येच थांबून तिने वर पाहिले, जणू काही विचारायचे आहे, आणि पुन्हा पिऊ लागली. मग तशीच झोपली, ओठ हलत राहिले.

अशा गोष्टी सुनेने सासऱ्याला सांगावयाच्या नसतात. तिने सांगितल्या, थांबत थांबत, काही दोनदा. मी उभा राहून शेवटपर्यंत ऐकल्या.